बिनचूक

टार्टूत एक गल्ली आहे वाटाण्याच्या नावाची,
पुढची बटाट्याची, पलीकडची घेवड्याची.
वाटाण्याच्या गल्लीत, लाकडी घराच्या वरच्या मजल्यावर
हेल्यू किविस्टिक राहते. वय अठ्ठ्याहत्तर.
एकतीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली.
अजूनही औषधाच्या चिठ्ठीत
राहिलेला स्वल्पविराम भरते.

तिच्या भाषेला चौदा विभक्ती.
आपण आठांतच दमतो.
म्हणून बरीच वर्षं चोरांचं तिथं काही चाललं नाही.
ते यायचे रात्री, कुठून कुठून,
आणि एखाद्या प्रत्ययाच्या उंबऱ्याला ठेचकाळायचे:
'प्रिय ग्राहकाने, तुमची पार्सलला अडकला आहे,
शुल्काचा ताबडतोब भरा.'
हेल्यू खदखदून हसायची.
छापून काढायची, लाल पेन्सिलीनं रंगवायची.
एकदा तर दुरुस्त करून परत पाठवलं,
खाली शेरा: पुन्हा लिहा.

बँकेतली लीस्बेत म्हणाली, असं नका करू बाई.
बाहेर कुणी कडी वाजवतंय,
तुम्ही आतून 'कोण?' विचारताय.
घरात माणूस आहे,
एवढंच त्याला हवं असतं.

मग नोव्हेंबरात, साडेतीनलाच अंधारलं होतं,
टार्वोचं पत्र आलं. बहिणीचा मुलगा,
तुर्कूच्या गोदीत वेल्डर.

'प्रिय मावशी,
माझा फोन पाण्यात पडला, म्हणून नव्या पत्त्यावरून लिहितो आहे.
एका अपघाताची भरपाई आज संध्याकाळपर्यंत द्यायची आहे,
चौदाशे युरो. खाते क्रमांक खाली दिला आहे.
आईला सांगू नकोस; ती उगाच काळजी करेल.'

काय तो अर्धविराम!
ज्याला याच टेबलाशी बसवून
तिनं एक अख्खा उन्हाळा कर्ता-कर्म शिकवलं,
आणि जो खिडकीतून उडी टाकून नदीवर पळाला,
तो टार्वो. शिकला म्हणायचा.
चाळिशीत का होईना, शिकला पोरगा.
खरं सांगायचं तर
आधी अभिमान वाटला, काळजी नंतर.

कोट चढवला. कार्ड खिशात. एका पायात बूट.
आणि सवयीनं कागद छापून घेतला,
पेन्सिल ओळीवरून ओळीवर फिरत गेली
शेवटपर्यंत.
समास कोरा.

ओळखीच्या दारात परक्याचे जोडे दिसावेत
तशी ती त्या कोऱ्या समासाकडे बघत राहिली.
इतकी वर्षं चुकीवरून चोर ओळखला.
आता चोराला चौदाही येतात.
टार्वोला नाही येत.

एका पायातल्या बुटासकट खाली बसली.
वहीतला जुना नंबर लावला,
पाण्यात पडलेल्या फोनचा.
तो वाजला.
'अपघात? मला? मी सूप पितोय मावशी.'
तोंडात पावाचा घास होता, ऐकू येत होतं.
ती म्हणाली, मला एक पत्र लिही.
आत्ता. दोन ओळी. का ते विचारू नकोस.

आलेलं पत्र पोलिसांकडे गेलं,
एक प्रत लीस्बेतला.
ज्यानं लिहिलं त्याला काहीच गेलं नाही,
शेरासुद्धा नाही.
दहापैकी दहा द्यायचे राहून गेले.

रात्री टार्वोचं आलं:
'मावशी मि बरा आहे काळजि करु नको
आणी पैसे कुनाला देउ नको'

लाल पेन्सिल घेतली. सात चुका,
शेवटी नसलेला पूर्णविराम धरून.
पुन्हा मोजल्या,
नुकत्या जन्मलेल्याची बोटं मोजावीत तशा.

मग बहिणीला फोन लावला.
तिला सांगू नकोस, असं लिहिलं होतं ना,
म्हणून.