दुसऱ्यायचा डाव

जानेवारी. इंदोऱ्यात गल्लीच्या तोंडाशी
कालच्या शेकोटीची राख अजून कोमट,
सुगतच्या मोबाइलवर अमेरिकेतली एक रात्र.
बरोबरी. जादा वेळ. पंचानं नाणं उडवलं.

मेश्राम सर, एकतीस वर्षं खो-खोचे पंच,
चष्मा कपाळावर सारून वाकले.

ज्यांचं नाणं, त्यांचा चेंडू.
सहा-सात धडका, एक लांब फेक,
अन् मैदानभर माणसंच माणसं.
संपलं.

"काहून? दुसऱ्यायचा डाव?"
"नव्हता मिळत, सर. जुना सामना आहे हा.
आता नियम बदलला. दोघायलेही चेंडू मिळते."

चहावर साय धरली.
सरांना काटोल आठवलं असावं:
अंधार पडला म्हणून त्यांनीच वाजवलेली शिट्टी,
चौकोनात बसलेल्या नऊ पोरी,
पाठलागाची सात मिनिटं शिल्लक,
आणि एकीचं, चुन्याच्या रेघेवरून न उठणं.
नियमात बसत होतं सगळं.

पडद्यावर बाकावरचा तो खेळाडू,
हेल्मेट मांडीवर, हात कोरडे.
सरांनी बोटानं चित्र थांबवलं.

"नियम बदलला म्हणतेस,
याले कळवलं का कोणी?"