टिचकी

एलिया भंडारे मिरज जंक्शनात चाकं ठोकायचे.
लांब दांड्याची हातोडी, डब्यामागून डबा,
टण्ण. टण्ण. टण्ण.
मध्येच एखादा भद्द.
मग खडूची फुली
आणि गार्डाचा झेंडा काखेतच.

संध्याकाळी तेच कान घेऊन ग्राउंडवर.
बॉल कानाशी धरून टिचकी मारायचे,
"आणखी चार पंप."
टिचकी आमच्या नडग्यांवरही.
सतराव्या वर्षी हाड चिरलेलं मी घरी लपवलं होतं,
मामांना ते आवाजावरून कळलं.
दीड महिना कॉर्नरचा झेंडा धरून बसवलं मला,
आणि वर शिव्या.

चैत्रातसुद्धा लोकरीची टोपी. खिशात शेंगदाणे.
मॅच संपली की मोजून वाटायचे:
जिंकलो तर पाच, हरलो तर सात.
"हरल्याला भूक जास्त लागती."

दोन मागं, तीन मधी, पाच पुढं.
मीटरगेज उखडून ब्रॉडगेज आली,
इंजिनांचा धूर गेला,
वाळत घातलेली धुणी पांढरी राहायला लागली,
तरी दोन, तीन, पाच.
कोल्हापूरची पोरं चौघांना मागं उभं करून
आमचे पाचजण गिळायला लागली.
आम्ही भीत भीत विचारलं.
"आकडं तिकिटावर असत्यात. तू पळ."

रेल्वेच्या टीमला त्यांनी एक ढाल आणून दिली,
अठ्ठ्याहत्तर साली, चिखलात, एक-शून्य.
गोल कुणाचा यावर अजून भांडणं आहेत.
मग साहेब बदलला, टीम मोडली.
मग सांगलीकडची एका कारखान्याची टीम:
चेअरमनच्या भाच्याला बाकावर बसवलं
म्हणून मामांना हाफटाइमलाच घरी पाठवलं.
सायकलवरून परत येताना, म्हणे,
पुलावर थांबून कृष्णेत सगळे शेंगदाणे ओतले.
हे ते स्वतः कधी बोलले नाहीत.
मग दवाखान्याच्या आवारातली अनवाणी पोरं, नऊ वर्षं, फुकट.
मग पुन्हा आम्ही.

आता आम्ही म्हणजे कमिटी.
पाचजण, भडंगाची पुडी, ठरावाचं रजिस्टर.
"वयोमानानुसार" हा शब्द मीच सुचवला.
सही तिसरी माझी.
पत्र द्यायलाही मीच गेलो, कारण बाकीचे
अचानक कामात होते.

त्यांनी कागद लांब धरून वाचला.
घडी घातली, टोपीत ठेवला.
"चहा घेतोस?"
मी नको म्हणालो. का म्हणालो कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी सहा वाजता मी ग्राउंडवर,
नवा कोच यायचा होता, डिप्लोमावाला.
धुक्यात कुणीतरी वाकून चालत होतं.
हातात फक्कीचा डबा, मागं सुतासारखी सरळ पांढरी रेघ.
मी म्हणालो, मामा, काल पत्र...
"पत्रात कोच लिवलंय.
रेघांचं काय लिवलं न्हाई."
आणि पेनल्टीचा ठिपका
टाचेनं मोजून, बारा पावलांवर, हळूच ठेवला,
झोपलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा.

पुढं अकरा वर्षं रेघा त्यांच्याच.
डिप्लोमावाले तीन येऊन गेले.

गेल्या महिन्यात त्यांच्या खोलीवर गेलो.
नजर गेलेली. मला पायांवरून ओळखलं.
"डावा ओढतोस."
मी खुर्ची पुढं घेतली, पँट वर केली.
गुडघ्यावर बोट वाकवून टिचकी मारली,
मान कलती करून ऐकत राहिले,
बाहेर कुठलीशी मालगाडी संपेना.
पुन्हा टिचकी.

सहीबद्दल बोलायचं मी पुलापासून ठरवून आलो होतो.

"तडा हाय," म्हणाले,
"पर जाऊ दे गाडी. सावकाश."
आणि उशीखालची पुडी चाचपून
माझ्या हातावर दाणे मोजायला लागले.
पाचावर थांबतील असं वाटलं.