थंड जातीचा प्लग

इंजिन गार होईपर्यंत थांब, गफूरचाचा सांगायचे.
डोकं तापलेलं असताना पाना लावलास
तर प्लग आटे घेऊनच बाहेर येईल.
म्हणून थांबलेय.
पाइप रोडवर भंगाराच्या हातगाड्या,
समोरच्या शेडमधला वेल्डिंगचा निळा उजेड,
आणि माझ्या दारात चारशे घोडे
पाववाल्याच्या सायकलीशेजारी उभे.

तुळाजी ड्रायव्हर स्टुलाच्या कडेवर बसलाय,
पांढऱ्या गणवेशाला डाग नको म्हणून अर्धाच.
सिग्नलला थरथरते, म्हणतो. सुटताना खोकते.
शेठ म्हणतात पेट्रोलात भेसळ.
शेठ म्हणतात. बरं.

कॉइल उपसल्या. लांब सॉकेट.
पहिला अर्धा फेरा जड, मग नुसत्या बोटांनी.
कालच्या पेपरवर सिलिंडरच्या क्रमाने सहा मांडले.
क्रम चुकला की
कुणाचं दुखणं कुणाच्या नावावर.
पाच कोरडे, काळे, मखमली;
नखाने खरवडलं तर तव्याच्या बुडाची भुकटी.
चौथा ओला, चकचकीत.
तो तेल पितोय. त्याचं वेगळं बघू.

तुळाजी वाकतो.
जळाले?
नाही हो. जळाले नाहीत, हेच तर.

ठिणगीला उडी मारायची असते,
पाऊण मिलिमीटरची, मिनिटाला शेकडो वेळा.
काजळी साचली की वीज कशाला उडी मारतेय,
चिनीमातीवरच्या काळ्या पायवाटेने
ती गुपचूप उतरून जाते.
आणि हे कुणीतरी हौसेने थंड जातीचे बसवलेत, शर्यतीचे.
आलेली ऊब लगेच डोक्याला देऊन टाकणारे.
शर्यतीत टोक इतकं तापतं
की आपली घाण आपणच जाळतं.
ही कुठे जाते?

मलबार हिल ते बीकेसी.
बीकेसी ते मलबार हिल.
रविवारी जिमखाना.
अकरा वर्षं, तुळाजी बोटाने गुडघ्यावर रेघ ओढतो,
चाळीसच्या वर नेली नाही.
ओरखडा आला तर पगारातून,
पहिल्याच दिवशी सांगितलेलं.

नवे आणले, एक पायरी गरम.
फटीत पाती सरकवून पाहिली.
रबरी नळीच्या तुकड्यात खोचून आटे धरवले;
वाकडं गेलं तर नळीच घसरते,
हाताला जबरदस्ती करता येत नाही.
ही चाचांची नळी. चिरलीय, तरी टाकवत नाही.
शेवटी टॉर्कचा पाना: कट्ट.
त्यापुढे एक केसही नाही.

पहाटे साडेचार, ईस्टर्न फ्रीवे.
मी शेठच्या नाही, पुढच्या सीटवर.
तिसऱ्यावरच ठेवा, म्हटलं. चौथा टाकायचा नाही.
वेग पाटीवर लिहिलाय तेवढाच,
पण इंजिनाला ओरडू द्या.
त्याचा पाय थरथरला.
काटा तीन हजार. साडेतीन.
डावीकडे तेलाच्या टाक्या मागे पडल्या,
चार हजारांवर आवाज एकदम साफ झाला,
घशातला कफ सुटावा तसा,
आणि तुळाजीने नकळत मान ताठ केली.

ऑरेंज गेटला उतरून गाडी कडेला घेतली.
हात मांडीवर.
हा आवाज हिच्यात होता?
पहिल्यापासून.
महिन्यातून एकदा असं फिरवायला लागेल,
शेठला सांगा.
तो बराच वेळ चहावाल्याच्या स्टोव्हकडे बघत राहिला.
शेठला नको सांगायला, म्हणाला.

जुन्यातला एक मागितला. दिला.
चहा संपेपर्यंत गणवेशाच्या खिशावर
अंगठ्याएवढा काळा डाग उमटला होता.
त्याने बघितलं. झटकला नाही.

चौथा मागत होता खरं तर, चकाकतो म्हणून.
तो नाही दिला.
तो अजून मला वाचायचाय.