एकेचाळिसावी ओळ

पलंगाखालची ट्रंक ओढली ती मेणबत्त्यांसाठी.
वादळानं दुपारीच क्वाल्बाची वीज नेली होती.
हाताला लागली कापडी पिशवी,
नऊ वर्षं तोंड बांधून बसलेली.

आत अर्धा स्वेटर, गोल सुईवर तसाच,
कुणी दार वाजवलं आणि मी उठले, इतकाच जणू वेळ गेलाय.
डांबरगोळ्यांचे रिकामे कागद.
आणि बोटीच्या तिकिटामागे माझं अक्षर:
"१९२ टाके. ४१वी ओळ झाली. पुढे राखाडी."
तिकीट तोर्शहावनचं, इस्पितळात जातानाचं.
परतीचं तेव्हा काढलं नव्हतं.

सकाळी खिडकीशी नेऊन पाहिला.
तेविसाव्या ओळीत एक चांदणी एका टाक्यानं कलंडलेली.
तेव्हाही दिसली होती मला,
म्हटलं होतं, वाऱ्यात कोण बघतंय?
आता नजर दुसरीकडे जाईना.

शिवाय एक टाका निसटून थेट काठापर्यंत गेलेला,
मागे नुसती शिडी.
क्रोशाच्या सुईनं त्याला धरलं,
एकेक पायरी वर आणलं.
तास गेला. मान भरून आली.
वर पोचल्यावर कळलं,
एकेचाळीसच्या पुढेही पाच ओळी आहेत.

माझ्या नव्हेत.
राखाडी नाही, तपकिरी.
इतक्या घट्ट की सुईचं टोक शिरेना,
मधेच उलटा, मधेच पिळलेला,
एका जागी चक्क गाठ, जाळ्याला मारतात तसली.

हानुस बटाटे सोलत होता.
"हे कुणी केलं?"
तो खिडकीबाहेर बघत राहिला.
"मेंढ्या खाली उतरल्यात," म्हणाला.
मग पुढचा बटाटा हातात घेऊन,
"तू तिकडे होतीस.
घरात आवाज नव्हता कशाचा. सुयांचासुद्धा.
शाळेत शिकवलं होतं थोडंफार.
म्हटलं, आलीस की एकदम तयार बघशील."
"मग?"
"मग सुई आत जाईना."

हसता हसता मला ठसका लागला.
नऊ वर्षं हा माणूस त्या ट्रंकेवर झोपला
आणि बोलला नाही.

"राहू दे का तुझ्या पाच ओळी?"
"वेडी का तू? उसव.
मला घालायचाय तो, भिंतीवर नाही टांगायचा."

त्यानं हात पुढे केले, मी लोकर गुंडाळू लागले.
त्याच्या ओळी सुटता सुटेनात,
दर टाक्याला हिसका,
आणि ती गाठ शेवटी दातांनी.
माझ्या मात्र सुर्रकन निघाल्या,
बोलावल्यासारख्या.

थांबायचं होतं तेविसाव्या ओळीशी.
पण समोर त्याचे हात,
बाह्या मनगटाशी दोनदा दुमडलेल्या,
आणि शर्टात कुठेच न भरलेला तो.
मापाची पट्टी आणली. "उभा राहा."
एकशे ब्याण्णव नकोत आता, एकशे शहात्तर पुरतील.
नऊ वर्षांत हानुस सोळा टाक्यांनी कमी झालाय.
माझ्या नक्षीत ती भरते बरोबर एक चांदणी.

म्हणजे सगळंच, काठापर्यंत.
कलंडलेली चांदणी गेली,
सकाळी तासभर वर चढवलेला टाकाही गेला.
त्याबद्दल जरा वाईट वाटलं.

उसवलेली लोकर कुरळी राहते,
जिथं जिथं वळली होती ते विसरत नाही.
कोमट पाण्यात बुडवून न्हाणीघरात टांगली,
खाली वजनाला त्याचा मोठा पाना.
रात्रभर थेंब पडत होते.
वीज अजून नव्हती.

आज संध्याकाळी कंदिलाशी बसलेय.
काठ जुनाच, त्यावर टाके कमी करत आणलेत.
मोजतेय, ओठ हलवत,
एकशे एकसष्ट, एकशे बासष्ट, एकशे...

"सुन्नुवा, दिवे आले बघ."

आले खरेच. फ्रिज घुरघुरला.
बोट कुठल्या टाक्यावर होतं?
"आता जरा गप्प बस," म्हटलं त्याला.
तो गप्प बसला, अगदी शेजारी येऊन.

एक.
दोन.