एक शिंपला कमी

सांजांवाच्या दिवशी मिंगेलच्या विहिरीत
मी आडवा पडलो.
पाय आधी टाकायचे असतात, ठाऊक होतं.
पण डोक्यावर फुलांची कोपेल, पोटात दोन पेले फेणी
आणि काठावर अर्धी शिवोली ओरडत उभी.
पाण्यानं डाव्या कानाखाली सणसणीत वाजवली.

वर आलो तेव्हा कोपेल तरंगत होती,
काठावरची तोंडं नुसतीच उघडत मिटत होती.
कानात एक रातकिडा शिरला, तो बाहेर पडेना.
बोटाला फिकं रक्त.

रुझारमाय लसणीचं कोमट तेल घेऊन आली.
सुलक्षानं वाटी तिच्या हातातून काढून घेतली
आणि रिक्षा बोलावली.

म्हापशाला लोटलीकर डॉक्टरीणबाई
कानात दुर्बीण घालून म्हणाल्या, बघा, टीव्हीवर बघा.
पाहिलं.
वीस वर्षं मी जुन्या घरांच्या खिडक्या दुरुस्त करतो.
लाकडी पट्ट्यांच्या खाचेत शिंपले सरकवतो,
पातळ, चौकोनी कापलेले,
ज्यांतून उजेड येतो पण शेजारी दिसत नाही.
माझ्या कानात तसलंच तावदान निघालं,
दुधट, मोतिया, कडेला एक लाल शीर.
खालच्या कोपऱ्यात मसुराएवढं भोक.
पलीकडे काळोख.

म्हटलं, बाई, एक शिंपला कमी आहे. नवा बसवणार?
त्या हसल्या.
ही खिडकी आपली आपण भरून येते, बहुतेक वेळा.
दोन महिने, तीन.
नाहीच आली, तर कानामागचा पापुद्रा काढून ठिगळ लावू.
तोवर पाणी आत जाता कामा नये.
तेल नाही, काडी नाही, मनानं आणलेले थेंब नाहीत,
नाक जोरात शिंकरायचं नाही.
पू आला, ताप आला, भोवंडलं, तर त्याच दिवशी या.

पाणी आत जाता कामा नये.
जुलैत. शिवोलीत.

व्हॅसलीन माखलेला कापसाचा बोळा कानात घालून
मी बगळ्यासारखी मान वाकडी करून आंघोळ करायचो.
चुकून नाक शिंकरलं की कानातून शिटी निघायची.
धाकटा म्हणायचा, बाबा, परत.

सगळ्यात लाज पोदेराची.
पहाटे त्याचा भोंपू वाजे,
मी पिशवी घेऊन उजवीकडे डोळे लावून उभा,
आणि तो डावीकडून येऊन पाठीमागे थांबलेला,
सायकलवर एक पाय टेकून, मजेत.
आवाज येतोय, एवढं एक कानही सांगतो.
कुठून, ते सांगायला दुसरा लागतो.

हात न लावता केलेली
माझ्या आयुष्यातली ही पहिली दुरुस्ती.
रंधा नाही, सरस नाही.
रात्री उशीवर उजवी कूस घेऊन पडायचो,
आत कुणीतरी काम करतंय का, कानोसा घ्यायचो.
कसला कानोसा!

चवथीच्या आधी बाईंनी पुन्हा पाहिलं.
मसूर नव्हता, मोहरी होती.
पुढच्या खेपेला मोहरीही नव्हती.
नवा तुकडा जुन्याहून पातळ आहे, म्हणाल्या, जपा.
पातळ शिंपल्यातून उजेड जास्त येतो,
हे मी त्यांना सांगणार होतो, राहून गेलं.

मग एका सकाळी ओट्याशी चहा गाळत होतो.
गाळणी हातात तशीच राहिली,
मान आपोआप डावीकडे वळली होती,
आणि भोंपू अजून वडाच्या वळणापलीकडे होता.
सुलक्षानं पाहिलं.
म्हणाली, चार उंडे आण,
आणि जाताना चप्पल घाल.