एकच घंटा

साओ जॉर्ज बेट. काल्येताचं पोस्ट.
खिडकी क्रमांक दोन माझी.
एक नंबरची केव्हाच बंद झाली.
पत्रं आता येत नाहीत. बिलं येतात,
आणि ती भरायला माणसं माझ्यापुढे उभी राहतात.

देओलिंदा आली तो मंगळवार.
अंगाला चीजचा आंबूस वास,
हातात चारदा दुमडलेला कागद.
"इडालिना, वाच गं. माझे डोळे चुकत असतील."

डोळे चुकत नव्हते.
एकशे अठरा युरो. एकच कॉल.
त्रेचाळीस मिनिटं.

"कुणाला केला होतास?"
"लिबेरियूला. कॅनडात.
रात्री फोन एकदाच वाजला,
मी गोठ्यातून धावत येईस्तोवर गप्प.
नंबर बघितला तर सुरुवातीला एक.
एक म्हणजे कॅनडा.
तूच तर लिहून दिलं होतंस."

दिलं होतं. मनिऑर्डरच्या फॉर्मामागे, लाल पेनाने.
एवढंच लिहायचं राहिलं होतं
की त्याच एकाच्या छपराखाली
दूरची बारकी बारकी बेटंही राहतात,
आमच्यासारखीच, समुद्रात ठेवून विसरलेली;
आणि त्यांच्या नावाआड बसून
तिथला नसलेला कुणीतरी
मिनिटं मोजतो, पैसे मोजतो.

"पण त्रेचाळीस मिनिटं बोललीस तरी काय?"
"आधी एक बाई बोलली, इंग्रजीत.
मग वाजंत्री लागली.
म्हटलं, गेले असतील त्याला बोलवायला."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला.
आमच्या लहानपणी गावात एकच फोन, तिबुर्सियूच्या दुकानात.
कुणाचा कॉल आला की पोरगा चढावर पळायचा
आणि पलीकडचा माणूस थांबायचा,
ग्लासांची किणकिण ऐकत,
तिबुर्सियूचा खोकला ऐकत.
थांबणं ही रीत होती.
मधेच फोन ठेवणारा उर्मट.

"मग मी थांबले. वाजंत्री बरी होती.
आणि म्हटलं, ऐकत असला तर ऐकू दे,
तांबडी व्याली, पाडी झाली,
छपराची गळती मीच बुजवली,
तू उगाच पैसे पाठवत बसू नकोस."

तक्रार मी लिहिली. तीन पानं.
उत्तर आलं चार ओळींचं:
कॉल आपल्याच घरून, आपण स्वेच्छेने केला आहे.
स्वेच्छेने.
बिलाचे चार हप्ते पडले,
तो शब्द मात्र माझ्या घशात एकरकमी अडकला.

तिला मी समजावलं.
एकदाच वाजून थांबतो तो फोन नव्हे, गळ आहे.
उलट फोन करायचा नाही.
आपला असेल तो पुन्हा करेल, पुन्हा पुन्हा करेल.
महागडे नंबर कंपनीला सांगून बंदच करून टाकू,
आणि भिंतीवर लिबेरियूचा नंबर, वीतभर आकड्यांत,
लावायचा तर तेवढाच.

तिने मान हलवली. मग विचारलं,
"आणि दोनदा वाजवण्याइतके पैसे
त्याच्याकडे नसले तर?"
शिक्क्याची गरज नसलेल्या एका कागदावर
मी शिक्का मारला.

नोव्हेंबरात ती पुन्हा खिडकीशी. चेहरा हसरा.
काल फोन सात वेळा वाजला म्हणे,
नंबर भलताच, भिंतीवर नसलेला.
उचलला. हॅलो नाही, काही नाही.
"आपली कुठली गाय कड्यावरून पडली होती? नाव सांग."

पलीकडे शांतता.
मग, "आई, मित्राचा फोन आहे..."
"नाव."
"बोनीता?"
"बोनीता कुत्री होती."
"मग... फिदाल्गा?"
"ती शेजाऱ्यांची!"

हसता हसता तिला खोकला लागला.
"असा गोंधळ परका कशाला घालेल, इडालिना?
परका आधी पाठ करून येईल."

मागे रांग चुळबुळत होती.
मी पावती फाडली, पुढे सरकवली,
आणि सहज विचारलं, "मग नाव काय होतं गाईचं?"

तिने मागे वळून पाहिलं, इकडे, तिकडे,
काचेला नाक लागेल इतकी पुढे झुकली
आणि हळूच म्हणाली,
"ते मी कुणालाच सांगत नसते."