फळीखालचे मासे

चाउ डॉकला नदीवर घरं तरंगतात.
पिंपांवर लाकडी सांगाडा, सांगाड्यावर पत्रा,
आणि बैठकीच्या मधोमध एक चौकोनी झाकण.
झाकण उचललं की खाली पिंजरा,
पिंजऱ्यात साठ हजार मासे,
मिशा वर करून.

मी कोंड्याची होडी चालवते. तेवीस वर्षं झाली.
वहीत एकेका घराला एकेक पान.
कुणाचे मासे किती वाढले
ते मला वजन करून बघावं लागत नाही,
पोत्यांवरून कळतं.

थान्हचं पान टेटच्या सणापर्यंत सरळ होतं.
आठवड्याला चाळीस पोती, रोख.
मग तीस, त्यातली निम्मी उधार.
मग अठरा.
मी विचारलं, मासे आजारी आहेत का रे?
नाही ताई, मस्त आहेत, म्हणाला,
आणि मोबाइल माझ्या नाकासमोर धरला.

काचेत पाणी निळं.
आमची नदी चहाच्या रंगाची,
तिनं असलं निळं जन्मात पाहिलं नसेल.
पिवळे मासे, जांभळे मासे, कंदिलासारखे पेटलेले,
आणि एक खेकडा,
त्याच्या पाठीवर आकडा: तीनशे पट.
तळाशी तोफ. बोट टेकवलं की गोळी.
एकेका गोळीला पैसे पडतात
हे सांगायचं तो विसरला.

पहिल्या रात्री म्हणे वीस लाख डोंग आले.
लुआसाठी त्यानं भाताचा कुकर आणला, बटणांचा.
कुकर अजून चालतो.

काचेतला मासा मरतो, त्याची नाणी होतात,
नाणी खळखळत तोफेकडे येतात,
आणि तेवढ्यात उजव्या कडेनं
तोच मासा पुन्हा पोहत येतो,
अंगावर ओरखडासुद्धा नाही.

भुकेले मासे फळीला धडका देतात.
पावसाळ्याआधी नदी शांत असते तेव्हा
तीन घरं पलीकडे ऐकू येतं.
मी एकदा रात्री होडी बांधली आणि बघितलं:
थान्ह झाकणावरच मांडी घालून बसलेला,
कानात बोंडं,
अंगठा चालू.
झाकण त्याच्याखाली हलत होतं.

पाण्यात राहून माशाशी वैर करू नये म्हणतात.
त्यानं वैर कुठे केलं?
विसरला, इतकंच.

एका पहाटे व्यापाऱ्याची होडी लागली.
अर्ध्या वाढीचे मासे, पडेल त्या भावानं.
लुआ टोपल्या मोजत होती,
सहाशेच्या पुढे तिनं मोजणं सोडलं
आणि आत जाऊन उगाच भांडी घासत बसली.
त्यांची थोम, नऊ वर्षांची,
एकेका टोपलीला हात लावून निरोप देत होती.
पैसे दुपारी आले.
रात्री गोळ्या झाले.

आता खरं सांगते, कुणाला सांगितलेलं नाही.
धक्क्यावर स्कूटरवाला पोरगा येतो,
नव्या माणसाला शंभर गोळ्या फुकट देतो.
मी घेतल्या.
एक लहान पिवळा मासा धरला, तीन गोळ्यांत गेला.
आठ नाणी.
तेवीस वर्षं मी माशांना खायला घालते आहे,
आणि त्या आठ नाण्यांनी मला जे बरं वाटलं
ते कोंड्याच्या कुठल्याच पोत्यानं वाटलं नव्हतं.
मी फोन कोंड्यात खुपसून ठेवला.
दोन दिवस तो तिथेच होता.
तिसऱ्या दिवशी काढला, कारण फोन लागतोच.

परवा त्यांच्या घरावरून गेले.
झाकण उघडं, खाली नुसतं पाणी,
त्यात आभाळाचा एक चौकोन.
सवयीनं मूठभर कोंडा टाकला.
बराच वेळ काही नाही.
मग कुठूनतरी एक बारकं, नदीतलं, बिनघराचं
वर आलं, तोंड उघडलं, गेलं.

आतून थान्ह ओरडला, कोण आहे?
मी म्हटलं, मीच.
वहीत त्याच्या पानावर त्रेपन्न पोती आहेत.
पान फाडलेलं नाही.
नवीनही लिहिलेलं नाही.